ओंडका रस्त्यापर्यंत : छोट्या वनव्यवसायासाठी यंत्रांची निवड



सागाचे झाड पाडावयास दोन माणसांना फार वेळ लागत नाही. साखळी-करवत हाती असली तर ते काही मिनिटांचे काम. अडचण त्यानंतर सुरू होते. पाडलेले खोड डोंगराच्या कुशीत खुंटाशेजारी पडलेले असते. ट्रक उभा राहू शकेल असा रस्ता तेथून पाव-अर्धा किलोमीटर दूर असतो. मध्ये दगड, ओढा, उतार आणि पुढील तोडीसाठी राखलेली उभी झाडे असतात. लाकडाचा भाव आगारात ठरतो हे खरे. तथापि त्या भावातून संस्थेच्या वा शेतकऱ्याच्या पदरात काय उरणार, हे बहुतांशी या अर्ध्या किलोमीटरच्या वाटेवर ठरून गेलेले असते. त्या वाटेसाठी कोणते साधन घ्यावे, हा आजचा विषय आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न अनेकांपुढे आहे. मुंबई इलाख्यात १९४७ च्या सुमारास जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ सुरू झाली. कूप घेणाऱ्या ठेकेदाराच्या हातून आदिवासी मजुराची सुटका व्हावी आणि तोडीचे, ओढणीचे व वाहतुकीचे काम त्याच्याच संस्थेने करावे, हा तिचा हेतू होता. ठाणे, पालघर, नाशिक, धुळे, रायगड या भागांना ही चळवळ चांगली परिचयाची आहे. त्यांच्या जोडीला कोकणातील व घाटमाथ्यावरील मालकी जंगलांचे धारक आहेत. पडीक जमिनीत निलगिरी, सुबाभूळ वा साग लावून तो आता तोडीस आलेले शेतकरी आहेत. या सर्वांच्या दारी यंत्रांची माहितीपत्रके पोहोचतात, प्रात्यक्षिके होतात आणि कर्जाची प्रकरणेही तयार होतात. माहितीपत्रकात यंत्राची अश्वशक्ती ठळक अक्षरांत असते. संस्थेच्या कूपातील ओंडक्याचे वजन, वाटेचा चढ आणि वर्षाला निघणारा माल हे तीन आकडे मात्र कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत. ते संस्थेनेच काढावयाचे असतात, आणि यंत्राची निवड त्यांच्यावरून व्हावयाची असते.

ओंडक्याचे खरे वजन

आरंभ वजनापासून करावा. कारण येथेच एक जुनी चूक दडलेली आहे. लाकूड मोजण्याची आपल्याकडील प्रचलित रीत चौथाई घेराची आहे. ओंडक्याच्या मध्यावरील घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि त्याला लांबीने गुणावयाचे. मध्यावर १२० सेंटिमीटर घेराचा, ४ मीटर लांबीचा सागाचा ओंडका या रीतीने ०.३६ घनमीटर भरतो. खरेदी-विक्रीसाठी ही रीत सोयीची आहे. चौरस करताना वाया जाणारा भाग तिने आधीच वजा केलेला असतो. परंतु ओंडका गोल आहे आणि ओढणाऱ्याला तो सबंध ओढावा लागतो. त्याचे खरे घनफळ सुमारे ०.४६ घनमीटर होते. ताज्या तोडीचा साग पाण्यात तरत नाही. ब्रह्मदेशात नदीतून लाकूड सोडण्यापूर्वी उभ्या झाडाची साल कंकणाकृती काढून ते दोन-तीन वर्षे वाळू देत, ते यासाठीच. म्हणजे घनमीटरला सुमारे एक टन धरला, तर कागदावर ०.३६ असलेला हा ओंडका जागेवर साडेचारशे किलोहून अधिक भरतो.

हा फरक थोडाथोडका नव्हे. कागदावरील पाच घनमीटर माल प्रत्यक्षात सव्वासहा घनमीटरांहून अधिक असतो आणि ओला असेल तर सहा टनांच्या वर जातो. पाच टनांच्या ट्रॉलीत ‘पाच घनमीटर’ भरून घाट उतरणाऱ्या चालकाला आपण नियमाप्रमाणेच माल भरला असे वाटत असते. ब्रेक निकामी झाला की दोष ब्रेकला दिला जातो.

वजन कळले की ओढण्यास लागणारा जोर काढता येतो. सपाट जमिनीवरून ओंडका नुसता घासत नेला, तर त्याच्या वजनाच्या साधारण निम्मा जोर लागतो. जमीन खडबडीत वा भुसभुशीत असेल तर त्याहूनही जास्त. वरील ओंडक्यासाठी हा जोर सुमारे २३० किलोचा झाला. ओंडक्याचे पुढचे तोंड उचलून चाकांवर टांगले, तर तो १३०-१४० किलोपर्यंत उतरतो. सबंध ओंडका चाकांवर घेतला आणि वाट टणक असली, तर ४०-५० किलो पुरतात. चढ असेल तर दर दहा मीटरला एक मीटर चढामागे वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे येथे आणखी ४६ किलो, मिळवावे लागतात. उतारावर तेवढेच वजा होतात. आणि उतार तीव्र झाला की ओढण्याऐवजी आवरण्याचा प्रश्न उभा राहतो.

बैल, हत्ती आणि दोन चाके

बैलजोडी दिवसभर सावकाश लावू शकेल असा जोर तिच्या एकूण वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका धरण्यात येतो. आठशे किलोची जोडी म्हणजे ऐंशी किलो. झटक्यासरशी ती याच्या कितीतरी पट जोर लावते, परंतु तो काही पावलांपुरता. आता वरचे आकडे शेजारी ठेवून पाहावे. जमिनीवर घासत जाणारा आपला ओंडका हा जोडीच्या कुवतीबाहेरचा आहे. तोच चाकांवर टांगलेला, टणक व सपाट वाटेवरचा ओंडका ती सहज नेते. बैलांची जागा इंजिनाला देण्यापूर्वी ओंडक्याखाली चाके देता येतात का, हे पाहणे म्हणून शहाणपणाचे ठरते. उंच चाकांची, कमानीसारख्या वाकविलेल्या आसाची दुचाकी गाडी ओंडक्यावर उभी करावयाची आणि साखळीने तो आसाला टांगावयाचा, अशी ही साधी योजना आहे. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील लहान वनव्यवसायांत अशा गाड्या वापरल्या गेल्या आहेत. गावातील लोहाराच्या आणि वेल्डिंगवाल्याच्या आवाक्यातील ही वस्तू आहे. विरळणीतून निघणाऱ्या बल्ल्या, निलगिरीचे बारीक लाकूड आणि बांबू यांना तिच्यापेक्षा भारी साधनाची गरज क्वचितच भासते.

गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूरचे हत्ती एके काळी लाकडाच्या कामावर होते. आता तो हत्तीकॅम्प पाहुण्यांच्या भेटीसाठी ओळखला जातो. हत्तीला रस्ता लागत नाही, तो उभ्या झाडांतून वाट काढतो आणि ओंडका नीट रचूनही देतो. छोट्या संस्थेला तो पोसणे अशक्य आहे, एवढे सांगून त्याचा विषय संपवता येतो.

ट्रॅक्टर आणि विंच

मोठ्या ओंडक्यांसाठी व लांबच्या ओढणीसाठी इंजिन लागतेच. येथे दोन मार्ग आहेत. पहिला, खास जंगलकामासाठी बनविलेल्या यंत्राचा. मधोमध वळणारे, चारही चाकांना गती असलेले ‘स्किडर’ आणि माल स्वतःच्या पाठीवर घेऊन येणारे ‘फॉरवर्डर’ ही त्यांतील प्रमुख. स्वीडन-फिनलंडसारख्या देशांत तोडीपासून भरणीपर्यंतचे सारे काम दोन यंत्रे आणि त्यांवरील दोन माणसे करतात. दुसरा मार्ग गावात असलेल्याच ट्रॅक्टरचा. त्याच्या मागील तीन-कडी जोडणीवर विंच, म्हणजे इंजिनाच्या जोरावर तारेचा दोर गुंडाळणारे रहाटासारखे यंत्र, बसवावयाचे. तीन-साडेतीन टन ओढीचा विंच चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला पेलतो. दोर साधारण पन्नास-साठ मीटरांचा असतो.

विंचाचा खरा फायदा अश्वशक्तीत नाही. ट्रॅक्टरने वाट सोडावयाची नसते, हा तो फायदा. शेतीचा ट्रॅक्टर उतारावर आडवा घालणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. शंभर मीटरला पंधरा-वीस मीटरांहून अधिक उताराच्या वाटेवर तो सरळही नेऊ नये. विंच असला की ट्रॅक्टर आखलेल्या वाटेवर स्थिर उभा राहतो, मजूर दोराचे टोक उतारावर घेऊन जातो, ओंडका बांधतो आणि तो वाटेपर्यंत खेचला जातो. तेथून तोंड उचललेल्या स्थितीत तीन-चार ओंडके एकदम रस्त्याशी नेता येतात. पाव किलोमीटरच्या वाटेवर, माणसे सरावलेली असली तर, दिवसाकाठी आठ-दहा घनमीटर माल बाहेर काढण्याचा हिशोब धरण्यास हरकत नाही.

ट्रक भरण्याचे काम वेगळे आहे आणि त्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची घाई करू नये. रस्त्याच्या कडेला उंचवटा पाहून तेथे माल गोळा केला, ट्रक खालच्या अंगाला लावला आणि दोन भक्कम बल्ल्यांवरून दोरांच्या साह्याने ओंडके लोटले, तर पुष्कळ काम भागते. जड मालासाठी तालुक्याच्या गावी हायड्रा क्रेन तासाच्या भाड्याने मिळते. जेसीबी तर आता प्रत्येक गावात आहे, आणि तिच्या बादलीत साखळी अडकवून ओंडके उचलण्याची हौसही. ती बादली माती खोदण्यासाठी आहे. तिच्या दातांवरून घसरलेल्या साखळीखाली माणूस असू नये.

वर्षाचा माल किती?

आता तिसरा आकडा, आणि अनेक संस्था ज्यात फसतात तो हाच. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागातील एखादी संस्था उदाहरणादाखल कल्पावी. तिचा वर्षाचा माल ४०० घनमीटर आहे. पावसाळ्याचे चार महिने जंगलातील वाटा बंद असतात; दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सुट्या-सण वगळून सुमारे दीडशे दिवस कामाचे. ट्रॅक्टर-विंचाला हा माल काढण्यास पन्नास दिवस पुरतात. उरलेल्या काळात तोच ट्रॅक्टर नांगरणी करतो, पाण्याचा टँकर ओढतो, भात मळतो. दिवसाला चाळीस घनमीटर काढणारे खास यंत्र आणले, तर संस्थेचे सारे काम दहा दिवसांत संपते आणि वर्षाचे उरलेले दिवस ते ताडपत्रीखाली उभे राहते. कर्जाचा हप्ता, व्याज, विमा आणि चालकाचा पगार मिळून अशा यंत्राचा वार्षिक स्थिर खर्च चार लाख रुपये आहे असे समजले, तर डिझेलचा थेंबही न जाळता प्रत्येक घनमीटरवर हजार रुपयांचा बोजा पडतो. चार हजार घनमीटर माल असता तर तोच बोजा शंभर रुपयांचा झाला असता. यंत्र तेच, मालाचा आकडा वेगळा.

अधिक माल मिळेल, या आशेवर हा हिशोब जुळविण्याचा मोह होतो. तो टाळावा. मालकी जमिनीवरील वृक्षतोडीला महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. परवानगी आणि पुढे वाहतुकीचा परवाना यांवाचून माल हलत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजाचा हक्क दिला, त्यात बांबू येतो, इमारती लाकूड येत नाही. २०११ मध्ये मेंढा-लेखा येथील ग्रामसभेने बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्यास आरंभ केला, ही घटना सर्वश्रुत आहे. परंतु त्या उदाहरणावरून सागाचा हिशोब मांडता येणार नाही. बँकेचा हप्ता तारखेला येतो. कूप किंवा परवानगी कोणत्या महिन्यात हाती पडेल, हे संस्थेला ठरविता येत नाही. मागील पाच वर्षांत प्रत्यक्ष काढलेल्या मालापैकी सर्वांत कमी मालाचे वर्ष घ्यावे आणि त्या वर्षी हप्ता भरता आला असता का, ते पाहावे.

मोठ्यांनाही हा हिशोब चुकलेला आहे. कोचीन संस्थानाने परांबिकुलमच्या जंगलातील साग चालकुडीच्या रेल्वेस्थानकापर्यंत आणण्यासाठी सुमारे ८० किलोमीटरची ट्रामवे बांधली. १९०७ मध्ये ती सुरू झाली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती पाहण्यासारखी होती. तीव्र उतारावर खाली येणाऱ्या भरलेल्या डब्यांच्या वजनानेच रिकामे डबे वर ओढले जात. परंतु तिच्या किफायतशीरपणाविषयी संस्थानी काळातच प्रश्न विचारले जाऊ लागले आणि अखेर १९६३ मध्ये ती बंद झाली. रूळ एकदा घातले की त्यांवरून काहीतरी सतत नेत राहावे लागते. संस्थानाला तोटा पुष्कळ वर्षे सोसता आला. चाळीस सभासदांच्या संस्थेला दोन हंगामही सोसवणार नाही.

म्हणून पहिल्या हंगामात यंत्र भाड्याने घ्यावे, ही सूचना आग्रहाने करावीशी वाटते. कृषी अवजारे बँकेतून अथवा गावातील सभासदाकडून ट्रॅक्टर घ्यावा, विंच दोन-तीन संस्थांनी मिळून आणावा आणि रोजची नोंद ठेवावी : किती खेपा, किती ओंडके, किती डिझेल, किती वेळ दुरुस्तीत गेला. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने मालवाहतुकीस लावल्यास नोंदणीचा व विम्याचा प्रश्न उद्भवतो, तो आधीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा. अपघातानंतर विमा नाकारला गेला की भरपाईचा बोजा मालकावर व पर्यायाने संस्थेवर येतो. सुट्या भागांची चौकशीही याच हंगामात होऊन जाते. ज्या यंत्राचा साधा बेअरिंग परदेशातून यावयाचा, ते यंत्र मार्चमध्ये बंद पडले तर जूनपर्यंत माल जंगलातच राहील.

दोराजवळचा माणूस

विंच घेणाऱ्याने काही गोष्टी पाठ केल्या पाहिजेत. ताणलेला तारेचा दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो आणि वाटेतील हाडे मोडतो. दोराची तुटण्याची क्षमता विंचाच्या ओढीच्या किमान दुप्पट असावी. तारा विसकटलेला, पीळ पडलेला दोर त्या भागापुरता कापून काढावा, गाठ मारून चालवू नये. झाडाला कप्पी बांधून दोर वळविला, तर दोराच्या दोन्ही बाजूंमधील कोनात कोणीही उभे राहू नये. कप्पी सुटली तर ती त्याच दिशेने उडते. शिवाय अशा कप्पीच्या झाडावर दोराच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट जोर येऊ शकतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मनगटाएवढे झाड पाहून कप्पी बांधणारे थोडे नाहीत.

ट्रॅक्टरचा दुसरा धोका उलटण्याचा. ओंडका खुंटाला अडतो, चालक क्लच एकदम सोडतो. साखळी मागील आसाच्या वर कोठेतरी अडकविलेली असेल तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर क्षणार्धात चालकावर उलटा पडतो. उडी मारण्यास वेळ मिळत नाही. साखळी नेहमी आसाच्या खालच्या जोडणीलाच लावावी, पुढे वजने बसवावीत आणि चालकाच्या डोक्यावर पोलादी संरक्षक चौकट असल्याखेरीज ट्रॅक्टर जंगलात नेऊ नये. या चौकटीचा खर्च अंदाजपत्रकातून वगळणाऱ्या सचिवाला सर्वसाधारण सभेने प्रश्न विचारावा.

वाटा आधी, तोड नंतर

यंत्राच्या चाकांखाली जमीन दबते, आणि बहुतेक दाब पहिल्या काही फेऱ्यांतच पडून जातो. दहा ठिकाणांहून एकेक फेरी मारल्याने जमिनीचे रक्षण होत नाही. उलट दहा ठिकाणची जमीन घट्ट होते. म्हणून वाटा तोडीपूर्वीच आखाव्यात, त्यांवर चुन्याच्या खुणा कराव्यात आणि ट्रॅक्टर त्यांबाहेर जाऊ देऊ नये. झाड पाडतानाच त्याचे तोंड वाटेकडे तिरपे येईल असे पाडावे. वळविण्याचा अर्धा त्रास वाचतो. ओढ्याचे पात्र आयती वाट म्हणून वापरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्या पात्रातून मेमध्ये ट्रॅक्टर गेला की जुलैमध्ये खालच्या भातखाचरात गाळ येतो आणि तक्रार ग्रामपंचायतीकडे येते. सागाच्या खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात; पुढचे जंगल तेच असते. चाकाने साल सोललेला खुंट मात्र नीट फुटत नाही. हंगाम संपताच उताराच्या वाटांवर ठराविक अंतराने आडवे चर काढावेत, म्हणजे पावसाचे पाणी वाटेने धावत न जाता बाजूला वळते.

यंत्र कोण चालवणार?

एक मुद्दा हिशोबाच्या वहीत बसत नाही. जंगल कामगार संस्था ही जंगलातील मजुराला काम मिळावे म्हणून जन्मास आली. कर्ज काढून यंत्र आणावयाचे, ते चालविण्यास बाहेरगावचा चालक ठेवावयाचा, दुरुस्तीला शहराचा कारागीर बोलवावयाचा आणि सभासदाने बांधावर उभे राहून पाहावयाचे, असे झाले तर ठेकेदार गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले, एवढाच बदल म्हणावा लागेल. याचा अर्थ यंत्र नको असा नाही. अर्धा टन वजनाचा ओंडका खांद्यांवर पेलून दरीतून वर आणण्याच्या कामात कोणताही मोठेपणा नाही. त्या कामाने पाठी मोडलेली माणसे प्रत्येक पाड्यावर आहेत. ओढणीचे कष्ट यंत्राला द्यावेत आणि यंत्राची मजुरी सभासदाकडे ठेवावी. दोन तरुण सभासद चालक म्हणून व दोघे दोर बांधणीसाठी आधी तयार करावेत, त्यांचा वाहनपरवाना व विमा संस्थेने करून द्यावा आणि मगच खरेदीचा ठराव मांडावा. वाटा आखणे, फांद्या काढणे, चर खणणे, माल रचणे ही कामे माणसांचीच राहतात. यंत्र आल्यानंतर कोणाच्या वाट्याला कोणते काम येईल, त्याची यादी ठरावासोबत सभेपुढे वाचली जावी.

खरेदी ठरलीच, तर प्रात्यक्षिक डांबरी रस्त्याच्या कडेला पाहू नये. संस्थेच्या कूपातील सर्वांत अवघड वाट निवडावी, त्या हंगामातील ओला, पूर्ण लांबीचा ओंडका ठेवावा आणि विक्रेत्याला तेथे यंत्र आणावयास सांगावे. दिवसभरातील खेपा मोजाव्यात, टाकीतील डिझेल मोजावे. सकाळी चाक विक्रेत्याच्या माणसाने धरले तरी चालेल. दुपारनंतर ते संस्थेच्या सभासदाच्या हाती असावे.